आतोबांची आयोवा-नेब्रास्का मोजणी

मुलांनो,

मागच्या रविवारी तुम्ही दोघं एकाच फोनवर अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरून भांडलात आणि मी मधे बसून ऐकत राहिले. एकीचं न्यू जर्सी, दुसऱ्याचं कॅलिफोर्निया. हवा, शाळा, कामावर जायचा रस्ता, भाजी, शेजार असे रकाने पाडून तुम्ही तक्ता केला आहे म्हणे, आणि तो पुरा होईना म्हणून शेवटी दोघंही म्हणालात, "आजी, तू शिकलेली आहेस, तू ठरव." मी दोन्ही राज्यांत राहून आले आहे, पण पाहुणी म्हणून. पाहुणीला गरम जेवण आणि वर पांघरूण मिळालं की सगळी राज्यं सारखीच. तेव्हा निकाल देण्याचं काम माझं नाही. मात्र तुमचं भांडण ऐकताना मला एका माणसाची इतकी आठवण झाली की सोमवारी सकाळीच कागद काढून बसले. मराठी वाचायला जड जाईल तर आईकडून वाचून घ्या. फक्त तिला मधली पानं गाळू देऊ नका, तिला ती सवय लहानपणापासून आहे.

अमेरिकेचा इतका खोल अभ्यास केलेला दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि तो माणूस स्वतः मनमाडच्या पलीकडे कधी गेला नव्हता. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. आम्ही तेव्हा हैदराबादेत, नारायणगुड्यात राहत होतो. आमचं आणि आत्याचं घर शेजारी शेजारी, मधे छातीइतकी भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर वाट्या, वर्तमानपत्रं आणि निरोप यांची ये-जा चालू असे. आतोबांचं घराणं परभणीकडचं, शेतकऱ्यांचं. ते लहानपणी शिकायला म्हणून शहरात आले, उर्दूतून शिकले आणि जमीनमोजणीच्या कचेरीत लागले. उंच, सडसडीत, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. मे महिन्यातसुद्धा एक बटण उघडं नसे. मराठी आमच्यासारखीच बोलत, पण मधे मधे 'हौ' आणि 'नक्को' असं, आणि घाई करणाऱ्याला 'हल्लू, हल्लू' म्हणजे सावकाश, सावकाश. हा शब्द त्यांच्या तोंडी सगळ्यांत जास्त येई, कारण त्यांच्यासमोर आलेल्या प्रत्येक माणसाला थोड्या वेळाने घाई व्हायला लागे.

त्याचं कारण असं की आतोबांना तुलनेचं वेड होतं. कुठलीही एक वस्तू त्यांना दिसतच नसे. दुसरी शेजारी ठेवली की मग पहिली दिसे. कलिंगड आणायला गेले की दोन कलिंगडं मांडीवर घेऊन बसत, आधी हे वाजव, मग ते वाजव, आणि तेवढ्यात विकणाऱ्याची बाकीची सगळी खपून जात, मग तो उरलेली ही दोन्ही त्यांच्या पिशवीत घालून घरी जाई. एकदा न्हाव्याकडे गेले तेव्हा अर्धी दाढी एकाकडे आणि अर्धी समोरच्याकडे करून घेतली होती, असं माझे वडील सांगत. ते खरं असेलच असं नाही, पण लग्नाचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकाच मुहूर्तावर दोन घरची बोलावणी होती. आतोबा एका मांडवात वरण-भातापर्यंत जेवले, हात धुऊन दुसऱ्या मांडवात गेले आणि तिथे मसालेभातापासून पुढे जेवले. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी दोन्ही घरांचा अहवाल दिला. "पहिल्याकडे वरण उत्तम, पण वाढणारे पोरगे परेशान. दुसऱ्याकडे वाढणं शाही, पण जिलबीत जान नाही." दोन्ही यजमान पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हते. ती अढी कुणाच्या मनात जास्त बसली, याचीही त्यांनी तुलना केली असणार.

अंतरंही ते आपल्या धंद्यातल्या मापाने सांगत. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते, तिला कड्या असतात. आमच्या घरापासून पाण्याचा नळ 'दोन साखळ्या, अकरा कड्या', देऊळ 'नऊ साखळ्या', आणि सासऱ्यांचा म्हणजे माझ्या आजोबांचा राग 'लांबून दिसतो, पण मोजला तर अर्धी साखळी'. एकच निवड त्यांनी आयुष्यात न मोजता केली होती. आत्याला पाहायला आले, पोहे खाल्ले आणि तिथेच होकार देऊन उठले. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुलनेला दुसरी मुलगी बघितली असती तर बेटी, मी अजून कुंवाराच फिरत असतो." आत्या आतून म्हणाली, "आणि मी सुखात असते." दोघंही हसले. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे हसण्यात भागीदार म्हणून बहुतेक वेळा मीच असे.

आता मुद्द्यावर येते. त्या सुमाराला हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे होते. तेलुगू मुलूख आंध्रकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि मराठी मुलूख मुंबई राज्याकडे. आमचं शहर पडलं तेलुगू मुलखात. घरोघरी एकच विषय झाला, कारण सरकारी नोकरांना एक फॉर्म मिळायचा होता. कुठल्या राज्यात नोकरी करू इच्छिता, ते त्यात लिहून द्यायचं. 'ऑप्शन' हा शब्द त्या वर्षी आमच्या आजीलासुद्धा आला. भाजीवालीला ती म्हणे, "मेथीबरोबर ऑप्शन काय आहे?" आतोबांना इथेच राहायचं की परभणीकडे जायचं, हे ठरवायचं होतं. गावाहून त्यांच्या थोरल्या भावाची पत्रं येत, की घरची जमीन इथे, आपली भाषा इथे, तू तिथे काय करतोस? इकडे माझे वडील म्हणत, की आमची बहीण इथेच राहणार, आई म्हातारी झाली आहे, तिच्याजवळ मुलगी नको का? ज्या माणसाला दोन कलिंगडांत एक निवडता येत नव्हतं, त्याच्यापुढे दैवाने दोन राज्यं आणून ठेवली.

फॉर्म यायला अजून अवकाश होता, तरी आतोबांनी तयारी सुरू केली. तयारी कशाची, तर अमेरिकेची. माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. आतोबांनी शांतपणे समजावून सांगितलं. "आमच्या कचेरीत नवी साखळी आली की आधी तिची परीक्षा होते. ज्या जमिनीचा वाद आहे त्या जमिनीवर परीक्षा घेत नाहीत. परक्या जागेवर घेतात. इथलं आणि परभणीचं मोजायला बसलो तर माझा हात आपोआप एकीकडे झुकणार. म्हणून आधी अशी दोन राज्यं घ्यायची की ज्यांच्याशी माझं देणं ना घेणं, त्यांच्यावर माप पक्कं करायचं, आणि मग तेच माप घरी लावायचं." हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं की वडिलांनी कपाळावरचा हात काढला.

राज्यांची निवडही त्यांनी केली नाही. ती उंदराने केली. जुन्या बाजारातून त्यांनी एक इंग्रजी नकाशांचं पुस्तक आणलं होतं. त्यातलं अमेरिकेचं पान उंदराने दोन्ही बाजूंनी कुरतडलेलं. तुमचं न्यू जर्सी आणि तुमचं कॅलिफोर्निया, दोन्ही त्याच्या पोटात गेली होती, रागावू नका. मधली काही राज्यं शाबूत होती. त्यांपैकी आयोवा आणि नेब्रास्का ही एकमेकांना लागून, मधून मोठी नदी वाहते. "बरोबर आपल्यासारखं," आतोबा म्हणाले. "बांधाला बांध. हीच घ्यायची."

इथून माझा संबंध येतो. आतोबांचं उर्दू मोत्यासारखं, पण इंग्रजी बेताचं. मी कॉलेजात इंटरला होते, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि अक्षर बरं होतं. तेव्हा दर रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसून अमेरिकेला पत्रं लिहू लागले. नकाशात ज्या गावांचा ठिपका लहान आणि नाव मला उच्चारता येण्यासारखं, त्या गावांच्या पोस्टमास्तरांना आणि शाळामास्तरांना. आतोबा येरझारा घालत मजकूर सांगत. तुम्ही लोक उत्पन्न, घराचा आकार असलं काही विचारता. आतोबांचे प्रश्न असे होते: आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का, शिजत असल्यास किती वेळात? सरकारी कचेरीत काम घेऊन आलेल्या माणसाला बसायला बाक आहे का, आणि त्या बाकावर सावली असते का? कुणाच्या घरी माणूस गेलं तर पहिलं जेवण कोणत्या घरून येतं? लग्न झालेली मुलगी सकाळी निघाली तर माहेरी कोणत्या जेवणाला पोहोचते? दुपारी दारावर थाप पडली तर घरातली माणसं आधी चिडतात की आधी उठतात?

मी म्हटलं, "आतोबा, हे त्यांना वेडेपणाचं वाटेल."

"वाटू दे. ज्याला वाटेल तो उत्तर देणार नाही. ज्याला नाही वाटणार, त्याच्याच गावात राहण्यासारखं असतं."

आणि खरंच, दोघांनी उत्तर दिलं. आयोवातल्या एका पोस्टमास्तरांनी आणि नेब्रास्कातल्या एका शिक्षिकाबाईंनी. पोस्टमास्तर थोडक्यात लिहीत. डाळ खात नाही, घेवडा दोन तासांत शिजतो. बाक आहे, सावली नाही. जेवण शेजारून येतं, शेजारीण चांगली नसली तरी येतं. शिक्षिकाबाई मात्र सविस्तर. त्यांनी कुठूनशी डाळ मिळवून वर्गातल्या मुलांसमोर दोन विहिरींच्या पाण्यात शिजवून पाहिली आणि किती मिनिटं लागली ते कळवलं. त्या पत्राने आतोबा इतके हरखले की शेरवानीचं वरचं बटण उघडून दोन मिनिटं बसले. मी तरी तसं पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांची एक लांब वही होती. उर्दू पद्धतीने उजवीकडून उघडायची. त्यात डावीकडे आयोवा, उजवीकडे नेब्रास्का, आणि मधे पाणी, बाक, शेजार, माहेर असे रकाने. ही वही घेऊन ते रोज संध्याकाळी चौकातल्या इराण्याच्या हॉटेलात जात. तिथे त्यांच्या कचेरीतले नकाशे काढणारे एक मियाँसाहेब त्यांची वाट पाहत असत. दोघांनी मिळून 'एक में दो' मागवायचा, म्हणजे एका चहाचे दोन भाग, आणि दोन तास बसायचं. हळूहळू सगळं हॉटेल यात पडलं. चौकातला न्हावी आयोवाच्या बाजूचा झाला, कारण तिथली न्हाव्याची दुकानं सोमवारी बंद असतात असं पोस्टमास्तरांनी कळवलं होतं. दूधवाला नेब्रास्काचा, कारण शिक्षिकाबाईंकडे दोन गाई होत्या. एकदा मी आतोबांना बोलवायला गेले तर मियाँसाहेब मोठ्या आवाजात विचारत होते, "सब ठीक है साब, मगर तुम्हारे नेब्रास्के में बिर्यानी मिल्ती क्या?" आतोबा गंभीरपणे म्हणाले, "नहीं मिल्ती मियाँ. उस रकाने में दोनों को सिफर दिया मैं." सिफर म्हणजे शून्य.

असे आठ-दहा महिने गेले. एके दिवशी खरोखरच ऑप्शनचा फॉर्म आला. आतोबांनी तो वाचला, घडी केली आणि अलमारीत रुमालाखाली ठेवून दिला. मुदत महिन्याभराची होती. माझे वडील भिंतीवरून विचारत, "भरलात का?" आतोबा म्हणत, "हल्लू, हल्लू. आयोवाचं एक उत्तर यायचं आहे." ते आलं. मग नेब्रास्काचं यायचं राहिलं. मला तेव्हा अंधुक कळायला लागलं होतं. या माणसाला हे शहर सोडवत नव्हतं. चौक, तो चहा, मियाँसाहेब, दुकानांच्या पाट्यांवरची उर्दू, सगळं त्यांच्या अंगाला शेरवानीसारखं बसलेलं होतं. पण 'मला जायचं नाही' एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना, कारण ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. म्हणून ते अमेरिका मोजत होते.

आणि मी एक आगाऊपणा केला होता. शिक्षिकाबाईंना लिहिलेल्या आधीच्या पत्रात, आतोबांना न सांगता, शेवटी पदरची एक ओळ घातली होती, की माझ्या आतोबांनाही इकडच्या दोन राज्यांतून एक निवडायचं आहे आणि ते फार काळजीत आहेत.

मुदत संपायला आठवडा उरला असताना नेब्रास्काचं पत्र आलं. रविवारची सकाळ. ओसरीवर आतोबा वही उघडून बसलेले, आत्या उंबऱ्याशी अंबाडीची भाजी निवडत होती, मी पत्र मराठीत करून वाचत होते. पाणी झालं, बाक झाला, शेजार झाला. आणि मी थांबले.

"पुढे वाच, बेटी. अडलीस का?"

"शब्द कठीण आहे."

"कोणता?"

"वाइफ."

"हा तर मलाही येतो," आतोबा म्हणाले.

आत्याने हातातली जुडी खाली ठेवली. "वाच गं."

मी वाचलं. शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं, की मी मूळची आयोवाची. लग्न करून नदीपलीकडे नेब्रास्कात आले. दोन्ही बरी आहेत. पण आपण मला इतके प्रश्न विचारलेत, त्यांत आपल्या पत्नीचा एकही प्रश्न मला दिसला नाही. त्यांना काय विचारायचं होतं? त्या काय म्हणतात?

आतोबा मोठ्याने हसले. "घ्या! सात समुद्रांपलीकडची बाई, आणि माझ्या घरात भांडण लावते. अगं, तुला काय विचारायचं? तुला इथंच राहायचंय, तुझी आई इथं, भाऊ इथं. ते तर सगळ्यांना ठाऊक आहे."

आत्या शांतपणे म्हणाली, "तुम्ही मोजणीला जाता, तेव्हा बांधाला लागून ज्याचं शेत असतं त्याला नोटीस देता की नाही?"

"देतो तर. त्याच्याशिवाय साखळी टाकताच येत नाही."

"आणि नोटीस न देता कुणी मोजलं तर?"

"तर मोजणी..." आतोबा थांबले.

"सांगा की."

"रद्द होते."

"मग मला नोटीस कधी दिलीत?" असं म्हणून ती भाजीची परडी उचलून आत गेली.

आतोबांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी आयोवा आणि नेब्रास्का यांच्या त्या सगळ्या पानांवर एक आडवी रेघ मारली, खाली उर्दूत काही लिहिलं आणि सही केली. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, "मोजणी रद्द. लगतदारास इत्तिला नाही." लगतदार म्हणजे बांधाला लागून असलेला मालक, इत्तिला म्हणजे कळवणं.

दुसऱ्या दिवशी आत्याला रीतसर नोटीस मिळाली. आतोबांनी ती स्वतः मराठीत लिहिली होती, आणि भिंतीपलीकडून मला बोलावून माझ्या हाती दिली, कारण नोटीस स्वतः बजावता येत नाही असा नियम होता. 'राहणार सदर घर, स्वयंपाकघर' असा पत्ता होता. येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता पंचांसमक्ष जागेवर हजर राहावं, आपलं म्हणणं मांडावं, हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी पुरी करण्यात येईल. आत्याने ती वाचली, दोनदा वाचली, आणि पोच म्हणून मागे सही करून दिली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

गुरुवारी आतोबांनी रजा घेतली. पंच म्हणून आजीला ठरवलं होतं. तिचे गुडघे गेलेले, म्हणून वडिलांनी आणि आतोबांनी तिला खुर्चीसकट उचलून आमच्या ओसरीवरून त्यांच्या ओसरीवर आणलं. आत्या धुतलेलं लुगडं नेसून चटईवर बसली. समोर आतोबा, पुढ्यात कागद. सगळं इतकं कचेरीसारखं होतं की मला हसू आवरेना, आणि मग आत्या बोलायला लागली आणि माझं हसू गेलं.

"मला परभणीला जायचंय," ती म्हणाली.

माझे वडील म्हणाले, "आँ?"

"दादा, तू पंच नाहीस, तू नंतर बोल. मी मराठी सातवी पास आहे. गेली दोन वर्षं दुपारी सगळे झोपले की मी हिची पुस्तकं वाचते." हिची म्हणजे माझी. मला पत्ताच नव्हता. "तिकडे आता मुलींच्या शाळा निघणार. मराठी शिकवणाऱ्या बायका त्यांना पाहिजेत, मिळत नाहीत. इथं मला कोण विचारणार? इथं मी आईची मुलगी आहे, दादाची बहीण आहे, ह्यांची बायको आहे. तक्रार नाही. सगळं चांगलं आहे. पण मला एका खोलीत समोर वीस मुली बसलेल्या पाहिजेत आणि हातात खडू पाहिजे. मी अडतीस वर्षांची झाले. अजून थांबले तर मग थांबलेच."

आतोबा शब्द न् शब्द लिहून घेत होते. लिहिताना त्यांचा बोरू दोनदा अडला. शेवटी त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

"नाही."

त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, तिची सही घेतली आणि कागद आजीपुढे धरला. वडील म्हणाले, "आणि आईचं काय?" तेव्हा आजी, जिला इतका वेळ सगळे विसरले होते, खुर्चीतून म्हणाली, "माझं काय? माझ्याजवळ सून आहे, नात आहे. हिच्यासमोर वीस पोरी आणून कोण बसवणार, तू?" मग अंगठ्याला शाई लावून घेत म्हणाली, "मला वाटलं, मी हिला अडवते म्हणून ही जात नाही असं लिहिताय की काय. तसं लिहू नका."

आतोबा उठले, अलमारीतला फॉर्म घेतला आणि बाहेर गेले. जेवायची वेळ झाली तरी परत येईनात, म्हणून मला पाठवलं. ते हॉटेलातच होते, दाराजवळच्या नेहमीच्या टेबलाशी. फॉर्म पुढे होता. भरलेला. शाई वाळायची होती. मियाँसाहेब त्याच वेळी येऊन बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, "क्यों साब, कौन जीता? आयोवा कि नेब्रास्का?"

"परभणी," आतोबा म्हणाले.

मियाँसाहेब हसायला लागले, मग त्यांचं लक्ष फॉर्मकडे गेलं. त्यांनी पोऱ्याला हाक मारून 'एक में दो' मागवला, मग म्हणाले, "नक्को, आज दो च लाओ." मला खुर्ची दिली. मी तिथून पाहिलं, तर आतोबा चौकाकडे पाहत होते, माप घ्यायच्या आधी जागेवरून एकदा नजर फिरवतात, तसं.

ती दोघं काचीगुडा स्टेशनावरून निघाली. आतोबांच्या अंगात शेरवानी, आत्याच्या पिशवीत माझी तीन पुस्तकं, तिने मागून घेतलेली. गाडी हलली तेव्हा आतोबा खिडकीतून म्हणाले, "एकशे ऐंशी मैल आहे, बेटी. साखळ्यांत नंतर कळवतो." तो आकडा खरा होता की नाही, मी कधी पडताळून पाहिला नाही.

परभणीला लोक त्यांना नबाबसाहेब म्हणू लागले, काही कौतुकाने, काही टोमण्याने. त्यांनी शेरवानी सोडली नाही. नवीन ओळखीची माणसं हमखास विचारत, "काय नबाबसाहेब, हैदराबाद चांगलं की आपली परभणी?" त्यावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. "मला फक्त अमेरिकेतलं विचारा. इकडचं मला कळत नाही." एवढं बोलून ते विषय बदलत. ज्या माणसाने जन्मभर वांग्याशेजारी वांगं ठेवून पाहिलं, त्याने ही दोन गावं शेजारी शेजारी कधीच ठेवली नाहीत.

आत्याला शाळा मिळाली. सुरुवातीला एका धर्मशाळेच्या पडवीत, पहिल्या दिवशी सातच मुली आल्या. ज्या घरांतून मुली येत नव्हत्या, त्या घरांत आतोबा स्वतः जात. मोजणीमुळे सगळे बांध आणि सगळी भांडणं त्यांना पाठ असत, आणि त्यांच्यासमोर नाही म्हणायला शेतकऱ्यांना जड जाई. मुलीला शाळेत घालणं आणि न घालणं, यांची ते दारात बसून इतकी सविस्तर तुलना करत, की बाप कंटाळून मुलीला पाठवून देई. वर्षभरात वीस मुली झाल्या. ते आत्याने नेब्रास्काला कळवलं, माझ्याकडून इंग्रजी करून घेऊन. शिक्षिकाबाईंनी मुलींसाठी रंगीत खडूंची पेटी पाठवली. ती पेटी येईपर्यंत त्या निवृत्त झाल्या होत्या.

आतोबा वर्षातून एकदा आमच्याकडे येत. गाडी सकाळी पोहोचे, ते दुपारी घरी येत. गाडी लेट होती म्हणत. शेरवानीच्या पुढच्या बाजूला इराण्याच्या बिस्किटाचा चुरा असे. माझी आई तो पाहूनही म्हणे, "हो का? फारच लेट झाली." एका वर्षी, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, "आतोबा, इथली आठवण येते?"

ते चालत राहिले. मग म्हणाले, "येते. तिच्यासमोर बोलू नको."

मी बोलले नाही. आतोबा गेले आणि त्यांच्यामागून बारा वर्षांनी आत्या गेली, तरी बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. आत्याला ते ठाऊक होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. मात्र दर वर्षी त्यांना गाडीत बसवायला ती स्वतः स्टेशनवर येई, आणि परत कधी येणार ते कधी विचारत नसे, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

त्या घरांच्या जागी आता मोठी इमारत आहे. मी इथेच, हैदराबादेत विद्यानगरला राहते. मियाँसाहेबांचं कुटुंब कुठे गेलं, माहीत नाही. मागच्या वर्षी तुमच्या आईबरोबर मी परभणीला जाऊन आले. आत्याची शाळा आहे. नऊ खोल्या झाल्या आहेत, बाहेर हातपंप आहे, आणि मुली भिंतीला टेकून उन्हात डबे खात बसल्या होत्या. पाणी आहे, बाक आणि सावली नाही, असे आतोबांचे दोन रकाने मी मनात भरून आले.